विताना मेंढीच्या अंगावर काय शिल्लक असते

माझ्या कळपातले पहिले मोठे नुकसान मी कितीतरी वर्षे थंडीच्या नावावर लिहून ठेवले होते. चार वर्षांची, अंगभर दाट लोकर असलेली, कळपात सर्वांत भरलेली दिसणारी एक मेंढी रात्री व्याली. तिला दोन कोकरे झाली आणि दोन्ही जिवंत होती. पण पहाटे मी पुन्हा वाड्यात गेले तेव्हा त्यांतले एक गार पडून आखडले होते आणि दुसरे मान खाली टाकून आईपासून चार हात दूर उभे होते. आई गव्हाणीपाशी चारा खात होती. रात्र थंड होती, वारा होता, त्यामुळे कारण शोधायला मला लांब जावे लागले नाही. सकाळी आलेल्या डॉक्टरांनी दुसऱ्या मेंढीचा काढून ठेवलेला चीक त्या जगलेल्या कोकराला नळीने पाजला, आणि मग आईच्या पाठीवरची लोकर बाजूला सारून तिच्या कमरेवर हात ठेवला. मलाही तिथेच हात ठेवायला सांगितला. "ताई, ही लोकरीने भरली आहे, अंगाने नाही," एवढेच ते म्हणाले. माझ्या बोटांखाली मणक्यांची टोके एकेक करून मोजता येत होती.

थंडी खरी होती, हे मी आजही मान्य करते. पण त्याच रात्री, त्याच वाड्यात आणखी तीन मेंढ्या व्यायल्या होत्या आणि त्यांची कोकरे सकाळी शेपट्या हलवत पीत होती. फरक हवेत नव्हता. तो आयांच्या पाठीवर होता, आणि तो त्या रात्रीच्या दोन-अडीच महिने आधीपासून तिथे होता. तेव्हापासून मी मेंढी नुसती पाहून तिच्याबद्दल मत बनवणे सोडले आहे.

हाताने अंग तपासण्याची पद्धत अवघड नाही, पण ती दरवेळी एकसारखी करावी लागते. मेंढी मोकळेपणी उभी असावी, दाबून धरलेली किंवा अंग आखडलेली नसावी. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेच्या भागात हात ठेवायचा, कारण मेंढीच्या अंगावर चरबी सर्वांत शेवटी इथे चढते आणि इथूनच सर्वांत आधी उतरते. तिथे तीन गोष्टी पाहायच्या: मणक्याची वर येणारी टोके किती टोचतात, मणक्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या निघणाऱ्या हाडांच्या टोकांखाली बोटे किती सहज जातात, आणि या दोन्हींच्या मधल्या खाचेत मांस किती भरले आहे व त्यावर चरबीचा थर किती आहे. यावरून १ ते ५ असा गुण द्यायचा. १ म्हणजे हाडे धारदार, मधली खाच खोल, चरबी नाहीच. २ मध्ये टोके हाताला स्पष्ट लागतात पण टोचत नाहीत, आणि मांस बऱ्यापैकी असते. ३ मध्ये मणक्याची टोके गोलसर लागतात, आडव्या हाडांची टोके जाणवण्यासाठी बोटे जरा दाबावी लागतात, आणि खाच मांसाने भरलेली असते. ४ मध्ये मणके जोर देऊन दाबल्यावरच एका रेषेसारखे कळतात, आणि ५ मध्ये दाबूनही कळत नाहीत. उलट मणक्याच्या जागी दोन्हीकडच्या चरबीमधली घळ हाताला लागते. ज्यांना अंदाज येत नाही त्यांनी स्वतःचा हात वापरावा. मूठ आवळून तिच्या पेरांवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवली की २ च्या खालची मेंढी कशी लागते ते समजते, आणि पंजा सपाट उघडून त्याच्या पाठीवरून बोटे फिरवली की ३ च्या जवळपासची.

ही मोजणी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील टास्मानियात जेफरीज यांनी मांडली आणि १९६९ मध्ये स्कॉटलंडमधील रसेल, डोनी व गन यांनी तिला आज सगळीकडे वापरले जाणारे रूप दिले. त्यांनी हाताने दिलेला गुण मेंढीच्या अंगातील प्रत्यक्ष चरबीशी पडताळून पाहिला होता. व्यवहारात अर्ध्या अर्ध्या गुणाने मोजले तरी पुरते. दोन माणसांचे गुण थोडे वेगळे येतील, पण एकाच माणसाने वर्षभर सातत्याने मोजले तर त्या मेंढीचे चढते-उतरते अंग नेमके कळते, आणि आपल्याला हवे असते तेच.

वजनकाटा असताना हात कशाला, असे मला विचारले जाते. एक गुण म्हणजे मेंढीच्या वजनाचा साधारण १० ते १३ टक्के भाग. ५० किलोच्या मेंढीत हा फरक ५ ते ६.५ किलोचा होतो. पण गाभणपणाच्या शेवटी काटा आपल्याला अगदी उलट सांगतो. पोटातली कोकरे, गर्भाभोवतीचे पाणी आणि वार यांचे वजन दर आठवड्याला वाढत असते, त्यामुळे काट्यावर मेंढी चढत असताना तिची स्वतःची पाठ उतरत असू शकते. भिजलेली लोकर आणि भरलेले पोट यांचे वजन आणखी वेगळेच. शिवाय मोठ्या हाडापेराची ६० किलोची मेंढी खंगलेली असू शकते आणि लहान चणीची ४० किलोची लठ्ठ. माझी ती मेंढी विण्याच्या दोन आठवडे आधी वजन केले असते तर कळपात पहिली आली असती.

मेंढीचा गाभणकाळ सरासरी १४७ दिवसांचा असतो, आणि कोकराच्या जन्मवजनाचा सुमारे ७० टक्के भाग त्यातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत तयार होतो. म्हणजे पहिले साडेतीन महिने बाहेरून काही घडत नसल्यासारखे वाटते आणि मग अचानक सगळी मागणी एकदम येते. पोटी जुळी असतील तर शेवटच्या आठवड्यांत मेंढीची ऊर्जेची गरज तिच्या एरवीच्या गरजेच्या दीडपट ते दुप्पट होते. त्याच वेळी वाढणारे गर्भाशय कोठीपोटाला, म्हणजे चारा साठवणाऱ्या मोठ्या पोटाला, दाबत असते, त्यामुळे गरज वाढली तरी तिला एका वेळी खाता येणारा चारा कमी होतो, आणि नेमका जाडाभरडा, कमी कसाचा चाराच तिच्या पुढ्यात असेल तर पोट भरूनही ती उपाशी राहते. ही तूट ती आपल्या पाठीवरून भरून काढते. त्यामुळे या काळात थोडे अंग उतरणे हा दोष नाही. ती चरबी त्यासाठीच असते. प्रश्न एवढाच असतो की उतरायला आधी काही होते का, आणि विण्याच्या दिवशी दुधासाठी काही उरले का.

मधल्या काळाकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात, आणि माझ्या मते खरी चूक बहुतेक वेळा तिथेच होते. गर्भाला पोसणारी वार साधारण ९०व्या दिवसापर्यंत आपली वाढ पूर्ण करते. गाभणपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मेंढीचे अंग फार उतरले तर वार लहान राहू शकते, आणि मग शेवटी कितीही खुराक दिला तरी तो कोकरापर्यंत पोहोचवणारी वाटच अरुंद झालेली असते. म्हणून या मधल्या काळात अर्ध्या गुणापेक्षा जास्त उतरू द्यायचे नाही, असा मी नियम ठेवला आहे. माझी ती मेंढी कोरड्या चाऱ्यावर नेमकी याच दिवसांत खंगत गेली असावी. तेव्हा तिची लोकर वाढत होती आणि मी समाधानी होते.

रोड मेंढीच्या पोटी जन्मलेल्या कोकराचे काय होते, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण त्यातला प्रत्येक धागा पुढच्या धाग्याला ओढतो. असे कोकरू वजनाने कमी असते. लहान शरीराचे पृष्ठफळ त्याच्या वजनाच्या मानाने जास्त असते, म्हणून ते लवकर गार पडते, आणि जन्मतः ते ओले असल्याने अंगावरचे पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. या पहिल्या तासांत त्याला तारते ती त्याच्या मूत्रपिंडांभोवती आणि खांद्यांपाशी साठलेली तपकिरी चरबी, जी थरथर न करताही जळून उष्णता देते. ही चरबी गर्भात असतानाच, आईच्या खाण्यातून साठते. आई उपाशी राहिली असेल तर कोकरू ही शिदोरी थोडीच घेऊन येते. चांगल्या कोकराची शिदोरी त्याला उभे राहून सड शोधेपर्यंत आणि त्यानंतरही काही तास पुरते. अशा कोकराची उभे राहण्याच्या धडपडीतच संपू लागते. गारठलेले कोकरू चोखत नाही, न चोखलेले कोकरू आणखी गारठते. कोकराच्या अंगाचे तापमान ३९ ते ४० अंश सेल्सिअस असायला हवे; ते ३७ च्या खाली गेले की त्याच्या जिवावर बेतते. इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. कोकरू पाच तासांपेक्षा मोठे असेल आणि इतके गार पडले असेल, तर त्याच्या अंगातली साखर संपलेली असते. त्याला आधी शेकले तर झटके येऊन ते दगावू शकते. आधी डॉक्टरांकडून ग्लुकोज आणि मग ऊब, हाच क्रम ठेवावा.

दुसरा धागा चिकाचा. मेंढीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये कोकराकडे जात नाहीत, त्यामुळे कोकरू पूर्ण निःशस्त्र जन्माला येते आणि त्याला मिळणारे सगळे संरक्षण चिकातून येते. तेही आतडे ती द्रव्ये शोषून घेऊ शकते तोवरच. पहिल्या काही तासांनंतर ही क्षमता घटत जाते आणि एका दिवसात जवळजवळ संपते. कोकराला वजनाच्या दर किलोमागे पहिल्या पाजणीत सुमारे ५० मिलिलिटर आणि पहिल्या २४ तासांत एकूण सुमारे २०० मिलिलिटर चीक लागतो, म्हणजे ४ किलोच्या कोकराला दिवसभरात ८०० मिलिलिटर. दोन जुळ्यांना मिळून याच्या दुप्पट. रोड मेंढीची कास विताना पुरती भरलेली नसते. चीक कमी असतो, उशिरा उतरतो, आणि बऱ्याचदा इतका चिकट व घट्ट असतो की अशक्त कोकराला तो ओढता येत नाही. शेवटच्या आठवड्यात थोडे धान्य वाढवले तर चिकाचे प्रमाण सुधारते, हे मी स्वतः पाहिले आहे आणि अभ्यासांतही ते दिसून आले आहे. त्यामुळे उशीर झालेला असला तरी हा एक उपाय हाताशी राहतो. कोकराच्या अंगावरची तपकिरी चरबी मात्र त्या आठवड्यात तयार करून देता येत नाही.

तिसरा धागा मला सर्वांत जास्त चटका लावून गेला. आई गव्हाणीपाशी का उभी होती? मी तिला निर्दय म्हटले होते. गाभणपणी अर्धपोटी राहिलेल्या मेंढ्या कोकरांना कमी वेळ चाटतात, त्यांना ढुशी देण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त असते, आणि त्या विण्याची जागा लवकर सोडून चाऱ्याकडे जातात, हे अभ्यासांतून दिसले आहे. आई आणि कोकरे यांची एकमेकांना ओळख चाटण्यातून, वासातून आणि आवाजातून पहिल्या काही तासांत पक्की होते. म्हणून मेंढीने विण्याच्या जागी निदान सहा तास थांबावे, असे मानतात, आणि जुळ्यांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे, कारण आई चालू लागली की एक कोकरू तिच्यामागे जाते आणि दुसरे मागे राहते. माझी मेंढी भुकेली होती. तिच्यात मायेची उणीव नव्हती; तिला थांबणे परवडत नव्हते, आणि ती वेळ तिच्यावर मी आणली होती.

या धक्क्यानंतर पुढच्या हंगामात मी जे केले ते सांगायलाच हवे, कारण हीच चूक अनेक जण करतात. मी सरसकट सगळ्या मेंढ्यांना खुराक वाढवला. रोड मेंढ्या सुधारल्या, पण ज्या आधीच ३.५ च्या वर होत्या त्या ४ आणि ४.५ वर गेल्या. त्यांतली एक, पोटी जुळी असलेली, विण्याला तीन आठवडे असताना कळपापासून वेगळी उभी राहू लागली. खुराक घातला की बाकीच्या धावत, ही जागची हलत नसे. दुसऱ्या दिवशी ती दात खाऊ लागली, डोळे उघडे असून कुंपणाला धडकू लागली, आणि तिसऱ्या दिवशी बसली ती उठलीच नाही.

इतकी चरबी अंगावर असताना ती उपासमारीने गेली, हे समजायला मला वेळ लागला. लठ्ठ मेंढीच्या पोटातली चरबी आणि वाढणारे गर्भाशय मिळून कोठीपोटाला जागाच ठेवत नाहीत, शिवाय लठ्ठ मेंढीची खाण्याची इच्छाही कमी होते. पोटातल्या कोकरांना साखर हवीच असते आणि ती ते आईच्या रक्तातून घेत राहतात. आईला साखर कमी पडली की ती चरबी वेगाने विरघळवू लागते. ती यकृतात येते, यकृताला ती पूर्ण जाळता येत नाही, यकृत चरबीने भरते आणि रक्तात कीटोन द्रव्ये साठतात. कीटोन वाढले की भूक आणखी मरते, आणि मग हे चक्र आपोआप फिरत राहते. याला गाभण मेंढीची विषबाधा किंवा जुळ्यांचा आजार म्हणतात. तो अगदी रोड मेंढ्यांनाही होतो, कारण त्यांच्याकडे तूट भरून काढायला काहीच नसते, आणि लठ्ठ मेंढ्यांनाही होतो, कारण त्यांच्याकडे असलेला साठा त्यांच्या यकृताला पेलत नाही. रक्तातील बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे कीटोन मोजून याचा अंदाज लक्षणांच्या आधीच घेता येतो: लिटरमागे ०.८ मिलिमोलच्या वर गेले की मेंढीला ऊर्जा अपुरी पडते आहे असे समजावे, आणि आजारी मेंढीत ते बहुधा ३ च्या वर असते. मोठ्या कळपात विण्याच्या तीन-चार आठवडे आधी काही मेंढ्यांचे रक्त तपासून घेणे मला आता खर्च वाटत नाही. मेंढी खाणे सोडल्याच्या पहिल्या दिवशीच डॉक्टरांना बोलावले, तोंडावाटे प्रोपिलिन ग्लायकॉल (शरीरात ज्याची साखर होते असे औषध) आणि शिरेतून ग्लुकोज मिळाले, तर वाचण्याची आशा असते. ती खाली बसल्यावर फार थोड्या वाचतात. कॅल्शियमच्या कमतरतेतही मेंढी अशीच बसते, पण ती कॅल्शियम दिल्यावर लवकर उठते; दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून घरच्या घरी निदान करत बसू नये.

लठ्ठपणाचे बाकीचे त्रास थोडक्यात सांगते. एकच कोकरू असलेल्या लठ्ठ मेंढीत ते कोकरू फार मोठे होते, जननमार्गाभोवतीच्या चरबीने वाट अरुंद होते, आणि विणे अडते. अडलेल्या कोकराच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो आणि जिवंत जन्मले तरी ते मंद राहते. विण्याआधी मायांग (योनीचा भाग) बाहेर येण्याचे प्रमाणही लठ्ठ आणि जुळी-तिळी असलेल्या मेंढ्यांत जास्त दिसते. जन्मवजन आणि जगणे यांचा संबंध दोन्ही टोकांना घसरणारा आहे: फार लहान कोकरे गारठून व उपाशी राहून मरतात, फार मोठी अडून मरतात, आणि मधल्या वजनाची सर्वांत जास्त जगतात.

मग विताना गुण किती असावा? सपाट, चांगल्या कुरणावरच्या मोठ्या जातींसाठी नर सोडताना ३ ते ३.५, गाभणपणाच्या मध्यावर ३, आणि विताना २.५ ते ३ असे धोरण मी पाळते. डोंगराळ, कठीण जागी राहणाऱ्या लहान चणीच्या जातींना अर्धा गुण कमी असला तरी चालते. जुळी असलेल्या मेंढीने विताना ३ च्या जवळ असावे याबद्दल मी विशेष आग्रही आहे, कारण अर्ध्या गुणाचा फरक एकट्या कोकराला जेवढा जाणवतो त्याहून कितीतरी जास्त जुळ्यांना जाणवतो. ऑस्ट्रेलियातील लाइफटाइम वूल या प्रकल्पात मेरिनो मेंढ्यांवर झालेल्या कामातही हेच पुढे आले: आईचे गाभणपणातील अंग कोकरांच्या जगण्यावर, आणि विशेषतः जुळ्यांच्या जगण्यावर, परिणाम करते. त्याच कामाने आणखी एक गोष्ट दाखवली, जी लोकरीसाठी मेंढ्या पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. बारीक लोकर देणारी त्वचेतील मुळे गर्भकाळाच्या उत्तरार्धात तयार होतात. आई तेव्हा अर्धपोटी असेल तर कोकरू आयुष्यभर कमी आणि जाड लोकर देते.

जुळी कोणाच्या पोटी आहेत हे माहीत नसेल तर यातले बरेचसे अंधारात राहते, म्हणून गाभणपणाच्या ४५ ते ९० दिवसांत सोनोग्राफी करून घेणे मी आता टाळत नाही. नर काढल्यानंतर सोनोग्राफीच्या दिवशी प्रत्येक मेंढीवर हात ठेवते, आणि कळपाचे एक-कोकरू आणि जुळी असे दोन भाग करते. मग रोड असलेल्या एक-कोकरूवाल्या मेंढ्या जुळ्यांच्या गटात टाकते, आणि लठ्ठ एक-कोकरूवाल्यांना फक्त चाऱ्यावर ठेवते. लठ्ठ मेंढीचे अंग विण्याच्या तोंडावर उतरवण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये. शेवटच्या सहा आठवड्यांत तिला उपाशी ठेवणे म्हणजे वर सांगितलेल्या आजाराला आमंत्रण आहे. जे उतरवायचे असेल ते मध्यावर, हळूहळू, आणि अर्ध्या गुणापेक्षा जास्त नाही. खुराक वाढवतानाही एका वेळी एका मेंढीला अर्ध्या किलोपेक्षा जास्त धान्य घालू नये, नाहीतर पोटात आम्ल वाढते. जास्त द्यायचे असेल तर दोन वेळा विभागून द्यावे. मोठ्या मेंढीला गव्हाणीशी निदान ४५ सेंटिमीटर जागा मिळाली पाहिजे. जागा कमी असेल तर धीट मेंढ्या दोघींचे खातात आणि भित्र्या रिकाम्या परततात, आणि आपण सगळ्यांना सारखेच दिले या समाधानात राहतो. माझ्या अनुभवात कळपातील निम्म्या रोड मेंढ्या चारा कमी म्हणून रोड नसतात. गव्हाणीशी पोहोचू शकत नाहीत म्हणून असतात.

व्यायल्यानंतर गोष्ट संपत नाही, उलट सर्वांत मोठी मागणी तेव्हाच सुरू होते. दूध दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात सर्वाधिक असते आणि जुळी पाजणाऱ्या मेंढीची गरज एरवीच्या अडीच ते तीन पट होते. खाण्याची इच्छा मात्र हळूहळू वाढते, म्हणून ती पुन्हा पाठीवरून काढून देते. ३ वर व्यालेली मेंढी सहा आठवड्यांत अर्धा ते एक गुण उतरली तरी कोकरे भराभर वाढतात आणि तिला काही होत नाही. २ वर व्यालेल्या मेंढीकडे उतरायला जागाच नसते. तिचे दूध आटते, भुकेली कोकरे सड वारंवार ओढून जखमा करतात, आणि तिथून कासेचा दाह सुरू होतो. शिवाय अंगावरची चरबी ऊर्जा देते, पण दुधासाठी लागणारी प्रथिने साठ्यातून फार थोडी निघतात. त्यामुळे पाठीवर चरबी असलेल्या मेंढीलाही पेंड किंवा डाळवर्गीय चारा मिळालाच पाहिजे, नाहीतर ती चरबी असूनही दुधात उतरत नाही.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडते. विण्याच्या थोडे आधीपासून दूध पाजण्याच्या पहिल्या काही आठवड्यांपर्यंत मेंढीची जंतांविरुद्धची शक्ती खचते आणि तिच्या लेंड्यांतून जंतांची अंडी जास्त पडू लागतात. नेमकी तिचीच कोकरे त्या कुरणावर पहिले गवत तोंडात घेत असतात. हे खचणे रोड, प्रथिने कमी मिळालेल्या आणि जुळी पाजणाऱ्या मेंढ्यांत सर्वांत जास्त असते. म्हणून जंतनाशक सगळ्यांना सरसकट पाजण्याऐवजी मी या मेंढ्यांवर आधी लक्ष देते, आणि अंगाने चांगल्या असलेल्या एक-कोकरूवाल्या मेंढ्या बऱ्याचदा औषधाविना सोडते, म्हणजे औषध न लागलेले जंतही कुरणात राहतात आणि औषधाला न जुमानणारेच तेवढे उरत नाहीत.

कोकरे आईच्या दुधावरून तोडताना पुन्हा हात लावायचा असतो, आणि माझ्या मते वर्षातला हाच हात सर्वांत उपयोगी. चांगल्या कुरणावर मोकळ्या, दूध न देणाऱ्या मेंढीला एक गुण चढायला सहा ते आठ आठवडे लागतात. कोकरे तोडताना ती २ वर असेल आणि नर सोडताना ती ३ वर हवी असेल, तर तेवढे आठवडे मधे आहेत का, हे दिनदर्शिकेवर मोजून पाहावे. नसतील तर अशा मेंढ्यांची कोकरे आधी तोडावीत. रोड अंगावर नर लावला तर माज उशिरा येतो, जुळ्यांचे प्रमाण घटते, आणि जी फळते ती पुन्हा त्याच खोलातून गाभणपण सुरू करते.

काही मेंढ्या मोकळ्या कुरणावरही चढत नाहीत. त्यांना जास्त खुराक घालण्याआधी मी तोंड उघडून दात पाहते, खूर पाहते, कासेत गाठी आहेत का ते चाचपते आणि लेंड्यांची तपासणी करून घेते. मी सुरुवातीला जिच्याबद्दल लिहिले त्या मेंढीला पुढचे चार महिने मी जास्तीचा खुराक घातला आणि तिची पाठ २ च्या वर गेली नाही. शेवटी तोंड उघडले तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते आणि दाढांच्या एका बाजूला धारदार टोके येऊन गालाला जखम झाली होती. तिला मी पुन्हा नर लावू दिला नाही.